डाग पाण्याचा, बोल बाईला

विषय जरा नाक मुरडायला लावणारा आहे, मैत्रिणींनो. हातात चहाचा कप असेल तर आधी चहा संपवा, मग वाचा. पण वाचा नक्की. लोणची, रांगोळ्या, मुलांचे डबे यांवर आपण भरभरून बोलतो. पण घरातल्या ज्या चार बाय चारच्या खोलीत डोकावून पाहुणे घरच्या बाईला मार्क देतात, तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आज तिच्याबद्दलच बोलू या. संडासाच्या भांड्यावर बसलेल्या, काही केल्या न निघणाऱ्या डागांबद्दल.

माझं माहेर गडचिरोली जिल्ह्यातलं, आरमोरी तालुक्यातलं. सासर चंद्रपूर जिल्ह्यात, गडचांदूरला. गडचांदूर, कोरपना, राजुरा हा सगळा चुनखडीचा मुलूख. म्हणून तर इथे सिमेंटचे कारखाने आले. लग्न होऊन मी इथे आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात पाण्याने मला रडवलं. तुरीची डाळ शिजेना! कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, तरी दाणा वेगळा, पाणी वेगळं. मला वाटलं, आता सासूबाई म्हणणार, सुनेला साधं वरण येत नाही. पण त्या हसून म्हणाल्या, "अगं, बोअरचं पाणी भारी आहे आपलं. डाळीला नळाचं पाणी घे." साबणाला फेस नाही, केस धुतले की झाडूसारखे, कुकरच्या तळाला पांढरा थर. पाणी भारी असल्याची ही सगळी लक्षणं मी हळूहळू शिकले.

डाळीच्या बाबतीत सासूबाईंनी पाण्याला दोष दिला. संडासाच्या बाबतीत मात्र तसं झालं नाही. दोष माझ्याच पदरात पडला.

झालं असं, की सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले म्हणून आम्ही घरात कमोड बसवला. पहिले सहा महिने दुधासारखा पांढरा. मग पाण्याच्या रेषेवर एक पिवळसर कडं दिसू लागलं. फ्लशच्या टाकीतून पाणी जिथून बारीक झिरपायचं, तिथे वरपासून खालपर्यंत एक भुरी पट्टी उमटली. मी रोज घासायची. साबण झाला, निरमा झाला, राख झाली. कडं हटेना. दुसऱ्या वर्षी ते बोटाला खरबरीत लागायला लागलं.

त्याच सुमारास नणंदेच्या सासरची मंडळी मुक्कामाला आली. जाताना त्यातल्या एक बाई दारात उभ्या राहून, अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "घर छान ठेवलं हो. फक्त बाथरूमकडे जरा लक्ष देत जा." सासूबाई माझ्याकडे बघायच्या, मी जमिनीकडे. पाहुणे गेल्यावर कुणी मला काही बोललं नाही. पण न बोलण्यातलं बोलणं आपल्याला ऐकू येतंच ना!

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी संडास साफ करायच्या अॅसिडची बाटली आणली. तेव्हा जुन्या पाण्याच्या बाटलीत भरून ते सहज मिळायचं. अर्धी बाटली ओतली. फसफस झाली, धूर आला. तरी कडं पूर्ण निघेना. घरात ब्लीचिंग पावडर होती. म्हटलं, अॅसिड कडक, पावडर कडक, दोन्ही मिळून आणखी कडक होईल. दोन मुठी पावडर वरून टाकली.

पुढचं आठवलं की आजही छातीत धडधडतं. हिरवट-पिवळा वाफारा वर आला. डोळ्यांत मिरची टाकल्यासारखी आग, घसा आवळल्यासारखा, श्वास आत जाईना. दार आतून लोटलेलं होतं, कडी लावलेली नव्हती, एवढंच माझं नशीब. मी कशीबशी अंगणात येऊन पडले. शेजारच्या काकूंनी तोंडावर पाण्याचे हबके मारले, रिक्षा बोलावली. दोन दिवस दवाखान्यात काढले, आणि खोकला महिनाभर पुरला. एका कड्यापायी!

आमच्या गल्लीत शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम राहायच्या. त्या मला बघायला आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू काय तयार केलंस माहीत आहे? क्लोरीन वायू. २२ एप्रिल १९१५ ला, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने हाच वायू शत्रूवर सोडला होता." मी गार झाले. मग त्या म्हणाल्या, "आणि हे सगळं कशासाठी? तो डाग घाणीचा नाहीच मुळी. तो दगड आहे."

मग त्यांनी मला जे समजावलं, ते जसंच्या तसं तुम्हाला सांगते.

पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून येताना कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, म्हणजे अगदी सौम्य सोड्याच्या पाण्यासारखं आंबट होतं. आपल्या भागात ते चुनखडीच्या थरांतून झिरपतं आणि जाताना थोडी थोडी चुनखडी विरघळवून सोबत नेते. तेच पाणी बोअरमधून वर येतं. दिसायला स्वच्छ, पण पोटात चुना. भांड्याच्या कडेला ते पाणी सुकलं, की कार्बन डायऑक्साइड हवेत उडून जातो आणि चुना मागे राहतो. थरावर थर चढत जातो. त्या खरबरीत थरात मग मळ अडकतो आणि रंग पिवळा-भुरा होतो. आपण घासतो तो वरचा मळ. खालचा दगड तसाच.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एका लिटरमध्ये २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा योग्य धरला आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ६०० च्या हिशेबाने दहा लिटर पाणी नुसतं सुकू दिलं, तर सहा ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर चुना उरतो. गळक्या फ्लशमधून रात्रंदिवस झिरपणारं पाणी वर्षाला किती चुना आणून ठेवत असेल, तुम्हीच विचार करा. यात बाईच्या आळसाचा संबंध कुठे आला?

मी म्हटलं, "मॅडम, मग अॅसिडनेच तर दगड विरघळतो ना?" त्या म्हणाल्या, "विरघळतो. पण तुझी शहाबादी फरशी कशाची आहे? तीही चुनखडीच. फरशीच्या सांध्यातलं सिमेंट कशाचं? चुनखडीचंच. अॅसिडला डाग कोणता आणि फरशी कोणती, हे कळत नाही. सांधे खाल्ले गेले की पाणी खाली मुरतं. शिवाय सेप्टिक टँकमध्ये मैला कुजवणारे जिवाणू असतात, बाटली-बाटली अॅसिड ओतलं की तेही मरतात. दगडाला जोर नको, वेळ दे. तांब्याचा गडू कशाने घासतेस?"

"चिंचेने. नाहीतर लिंबाने."

"मग झालं तर. सौम्य आंबट, आणि रात्रभर मुरू देणं. एवढंच."

माझी रीत

किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, आपल्याकडे त्याला निंबूफूल म्हणतात. पापडखार, खाण्याचा सोडा ठेवतात तिथेच ते असतं. शंभर ग्रॅमची पुडी आणावी. रात्री सगळ्यांचं आटोपलं की कामाला लागावं.

१. हातात रबरी मोजे घालावेत. नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधावी. खिडकी उघडी ठेवावी.

२. भांड्यातलं पाणी ब्रशने ढकलून ढकलून खाली घालवावं. उरलेलं जुन्या फडक्याने टिपून घ्यावं. हे महत्त्वाचं आहे. पाणी तसंच ठेवलं तर आंबटपणा पातळ होतो आणि मेहनत फुकट जाते.

३. प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर कोमट पाणी घेऊन त्यात पुडी विरघळवावी. उकळतं पाणी घेऊ नये, त्याने भांड्याला तडा जाऊ शकतो. अॅल्युमिनियमचं भांडंही वापरू नये.

४. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या त्या पाण्यात बुडवून डागांवर चिकटवाव्यात. कडं असेल तिथे गोल, पट्टी असेल तिथे उभ्या. उरलेलं पाणी वरून ओतावं. नुसतं पाणी ओतलं तर ते वाहून जातं, फडक्याने ते डागाला धरून राहतं.

५. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून फडकी काढावीत (फ्लशमध्ये टाकू नका हो, तुंबेल!) आणि प्लास्टिकच्या ब्रशने घासावं. थर भुसभुशीत होऊन निघू लागतो.

पहिल्या रात्रीत सगळं निघेल असं समजू नका. माझं दोन वर्षांचं कडं निघायला चार रात्री लागल्या. पण निघालं. आणि मला खोकलासुद्धा आला नाही.

काय करू नये, तेही सांगते. तारेच्या घासणीने किंवा लोखंडी पत्र्याने खरवडू नये. भांड्याची चकाकी ओरखडली जाते आणि त्या ओरखड्यांत पुढचा थर आणखी लवकर बसतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून टाकायची युक्ती तुम्ही ऐकली असेल. फेस बघायला छान वाटतो, पण एक आंबट, एक खारं. दोघं एकमेकांनाच मारतात आणि डाग तसाच राहतो. व्हिनेगर टाकायचं तर एकटं टाकावं. बाजारातलं आंबट औषध वापरलंत, तरी त्यावर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी कधीही, कधीही टाकू नये. चुकून झालंच, तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत यावं, डोळे-तोंड भरपूर पाण्याने धुवावं, साफ करायला परत आत जाऊ नये आणि दवाखाना गाठावा. आणि अॅसिड दुसऱ्या बाटलीत भरून घरात ठेवू नये. लेकरं पाणी समजून तोंडाला लावतात. अॅसिडच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले, ते अॅसिड फेकून बायकांचे चेहरे जाळले जात होते म्हणून. असली वस्तू घरात असण्यापेक्षा नसलेली बरी.

डाग निघाल्यावर मी ह्यांना म्हटलं, "आता टाकीचा वॉशर बदला. पाणी झिरपत राहिलं तर सहा महिन्यांत पुन्हा तेच." वॉशर बदलला आणि ती भुरी पट्टी परत उमटली नाही. शनिवारी रात्री दोन चमचे निंबूफूल भांड्यात टाकायचं, रविवारी सकाळी ब्रश फिरवायचा. रविवारचा ब्रश आता ह्यांच्याकडे आहे. दगडाचं रसायन समजावून सांगितल्यावर पुरुष माणसाला तो "प्रयोग" वाटतो, हे माझं निरीक्षण!

इथवर गोष्ट एका भांड्याची होती. पण २०२२ च्या दिवाळीत मी माहेरी गेले आणि कळलं, की हा डाग नुसता लाजेचा विषय नाही.

पहाटे पाचला जाग आली, तर आई हातात टमरेल आणि टॉर्च घेऊन मागच्या दाराने निघालेली. घरात संडास आहे. स्वच्छ भारत अभियानाचं बारा हजारांचं अनुदान मिळालं तेव्हा बाबांनी बांधला होता, दोन शोषखड्ड्यांचा. मी म्हटलं, "आई, कुठे चाललीस?"

"बांदीकडे. आणखी कुठं?"

"आणि संडास?"

"ते सीट खराब झाली, बाई. कितीकदा घासली, निघतच नाही. अशा घानीत बसाची किळस येते मले."

मागे आमचं धानाचं शेत आणि त्याला लागून जंगल. आरमोरीचा हा पट्टा वडसा वनविभागात येतो. त्याच महिन्यात, दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधी, वडसा वनविभागात 'सीटी-१' नावाचा वाघ पकडला होता. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा मिळून तेरा माणसांचे बळी त्याच्या नावावर होते. मी आईला तेच म्हटलं.

"धरला ना आता त्याले," आई म्हणाली.

"जंगलात तो एकटाच होता का?"

आई काही बोलली नाही. टॉर्च लावून निघून गेली. ती परत येईपर्यंत मी मागच्या दारात उभी होते. फार तर दहा मिनिटं असतील. पण ती दहा मिनिटं मला अजून आठवतात.

उजाडल्यावर जाऊन पाहिलं. सीट खरंच बघवत नव्हती. पण रंग वेगळा होता. गडचांदूरचा डाग पांढरट-पिवळा, खरबरीत. हा तांबडा-भुरा, गंजासारखा. आणि होताच तो गंज. आमच्या आरमोरीकडे चुनखडी नाही, तिथला खडक वेगळा. आमच्या बोअरच्या पाण्यात लोह आहे. जमिनीखाली हवा लागत नाही तोवर ते पाण्यात विरघळलेलं असतं, दिसत नाही. पाणी वर आलं, हवा लागली, की त्याचा गंज होतो. आईला ही लक्षणं माहीतच होती. बादलीत भरताना पाणी निर्मळ, तासाभराने तांबूस. चहा काळपट. पांढऱ्या धोतराला पिवळी झाक. फक्त सीटवरची तांबडी पुटंही तीच, हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. तिला ती घाण वाटली. आणि घाण निघत नाही म्हणून तिने संडासच सोडला.

"आई, ही घाण नाही, गंज आहे," मी म्हटलं. "यावर ब्लीचिंग पावडर टाकत होतीस का?"

"टाकली ना. त्यानं तं आणखी लाल झाली."

होणारच. ब्लीचिंगने लोहाचा गंज आणखी पक्का होतो. त्याला आंबटच लागतं. गावच्या दुकानात निंबूफूलची एकच छोटी पुडी मिळाली. ती पुरणार नाही म्हणून मी हळहळत होते, तर आई म्हणाली, "चिंचेनं पितळेचा गंगाळ निंगते, तं हे नाही निंगन का?" परसात चिंचेचं झाड आहे. घरात जुनी चिंच बरणीभर होती. रात्री चिंच कोमट पाण्यात कोळून दाट कोळ केला, त्यात निंबूफूल घातलं आणि फडकी भिजवून सीटवर पसरली. बाबा पडवीतून म्हणाले, "मायलेकी संडासात सार करून राहिल्या का?" आम्ही दोघी हसत सुटलो.

पहिल्या सकाळी निम्मा तांबडेपणा उतरला. तिसऱ्या सकाळी सीट पांढरी दिसली. वर-खाली चार फिकट ठिपके राहिले, ते राहू दिले. अॅसिड मुद्दाम वापरलं नाही. शोषखड्ड्यात मैल्याचं खत करणारे जिवाणूच असतात, ते मारून कसं चालेल? घासण्यापुरतं, महिन्यातून दोनदा निंबूफूल, एवढंच आईला लावून दिलं. पावसाळ्यात पागोळ्यांखाली ड्रम ठेवायला सांगितला. पावसाच्या पाण्यात ना चुना, ना लोह. ते संडासाला वापरलं की चार महिने डाग धरतच नाही.

एक गोष्ट मात्र डागावरून ओळखता येत नाही, आणि ती सांगितल्याशिवाय थांबणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. भांड्यावर त्याचा डाग पडत नाही, तो पडतो लेकरांच्या दातांवर, पुढे हाडांवर. भांड्याचा डाग चार रात्रींत निघतो. दातांचा घासून निघत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी बोअरचं किंवा हातपंपाचं पाणी पिण्यात आहे, त्यांनी ते एकदा तपासून घ्यावं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा पाणी तपासतात. शिवाय २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावागावांतल्या पाच-पाच महिलांना पाणी तपासणीच्या पेटीचं प्रशिक्षण देण्याची योजना आहे. आपल्या गावात त्या कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. फ्लोराइड लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आत असावं. दीडच्या वर गेलं तर ते पाणी पिण्यासाठी वापरू नये.

आता तुम्ही कुणाकडे पाहुण्या म्हणून गेलात आणि भांड्यावर पिवळं कडं दिसलं, तर त्या घरच्या बाईबद्दल मत बनवू नका. तिच्या बोअरचं पाणी भारी असेल. जमलंच तर निघताना हळूच निंबूफूलचं सांगा. दारात उभं राहून नाही, आत स्वयंपाकघरात.

मी दिवाळीहून परतल्यावर आठवडाभराने आईचा फोन आला. मी आधी तेच विचारलं.

"नाही जात आता बांदीकडे," आई म्हणाली. "टॉर्चचे सेल काढून रेडिओत टाकले तुह्या बाबानं. आन ऐक, येताना ते पुड्या जास्तीच्या आनजो. शेजारच्या म्हातारीची सीट बी लाल झाली, थेही पहाटे एकलीच जाते."